मोठं बाजलं, लहान बाजलं

"पाणी बोरीला लागलंय," अण्णांचा फोन आला. ना राम राम, ना खुशाली. "बोल मास्तर, मोठं का लहान?"

मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो, बगलेत घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा. शेजारून जाणाऱ्या बाईंना वाटलं असेल, सर टीव्ही घेतायत. फार तर फ्रिज. धाराशिवात, जिथं नळाला पाणी येणं ही शेजाऱ्याला हाक मारून सांगायची बातमी असते, तिथं भर दुपारी तराफा केवढा बांधावा या विचारात पडलेला भूगोलाचा मास्तर मी एकटाच असणार. "रविवारी येतो," म्हणालो आणि फोन ठेवला. मग पेपर तपासायला बसलो, तर पहिल्याच पोरानं लिहिलं होतं : "आपला जिल्हा अवर्षणप्रवण आहे." मी त्याला पूर्ण गुण दिले आणि खिडकीतून उगाच उत्तरेकडं बघत बसलो. तिकडं तेर, तेरच्या वरच्या अंगाला आमचं गाव, गावाला लागून तळं, आणि तळ्यात बोरीचं झाड.

बाजलं म्हणजे खाट. पण आमच्या गावात या शब्दाला आता दुसरा अर्थही चिकटलाय. निळे प्लास्टिकचे ड्रम आडवे बांधायचे, त्यांवर बांबूचा सांगाडा, सांगाड्यावर फळ्या. झालं बाजलं. होडी म्हणावं तर तिला नाक नाही, तराफा म्हणावं तर तो शब्द पुस्तकातला. अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावांनी, पहिल्यांदा ते पाण्यावर डुलताना बघितलं आणि म्हणाले, "हे तर बाजलंच की गा. निस्तं पाय फुगल्यालं." तेव्हापासून तेच नाव.

आमचं तळं कसं आलं ते सांगायला हवं. आधी ते कागदावर आलं. मग त्याची भिंत आली. गेलेल्या जमिनींचा मावेजा आला, तो संपलाही. फक्त पाणी यायचं राहून गेलं. वर्षामागून वर्षं तळ्याचं पोट कोरडं. कोरडी जमीन डोळ्यांसमोर पडून राहिलेली आमच्या लोकांना बघवत नाही, म्हणून जो तो आपल्या जुन्या तुकड्यात गाळपेर करू लागला. तळ्याच्या गाळात ज्वारी अशी यायची की आत शिरलेलं माणूस दिसू नये. आमच्या शेताचा खालचा तुकडा तळ्यात गेलेला, वरचा तळ्यापलीकडं शिल्लक. मधे आमचा जुना बांध, बांधावर बोर, बोरीखाली पाच पांडव.

पांडव म्हणजे पाच दगड. येळवस ज्याला ठाऊक आहे त्याला हे सांगायला नको. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडची गावं ओस पडतात, माणूसच काय, कुत्रीही रानात. कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पुजायचे. भज्जी, उंडे, खीर, आणि डोक्यावर घोंगडी घेऊन आणलेलं आंबिलीचं मडकं. आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची आणि "ओलगे ओलगे" ओरडायचं. त्याचा अर्थ कानडीत काय होतो हे मी बऱ्याच जणांना विचारलं. प्रत्येकानं वेगळा सांगितला आणि प्रत्येकजण ठाम होता. या दिवसाचा एक कायदा मात्र सगळ्यांना पाठ : रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. बोलावणाऱ्यानं जागा नाही म्हणायचं नाही, आणि ज्याला बोलावलं त्यानं पोट भरलंय म्हणायचं नाही.

हा कायदा लक्षात असू द्या. मी विसरलो होतो.

तळं भरलं ते वर्ष आठवतं. आमच्याकडं लख्ख ऊन पडलेलं, आभाळ धुतल्यासारखं, आणि तळं चढत होतं. वर कुठंतरी पडलेलं पाणी सवडीनं आमच्याकडं येत होतं, पाहुण्यासारखं, आधी अंगणात, मग ओसरीवर. रोज संध्याकाळी गाव काठावर जायचं. आज कुठवर आलं? बाभळीपर्यंत. आज? खांबापर्यंत. कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडतही नव्हतं. सगळे नुसते बघत होते. जन्मभर ज्या वाटेनं बैलं नेली ती वाट पाण्यात सरळ उतरत गेलेली, आणि पाण्याखालीही ती तशीच पुढं जात असणार, ही गोष्ट मला अजून नवलाची वाटते. वाट बुडली तरी तिला कुठं जायचंय ते ती विसरत नसावी. उभ्या ज्वारीची कणसं काही दिवस पाण्यावर डोकं काढून होती. त्यांवर चिमण्या यायच्या आणि खाली मासे, एकाच ताटाला दोन पंगती. कुजत्या बाभळीचा आंबूस वास घरात यायचा. गावात म्हातारी झालेली माणसं पहिल्यांदा बेडकांमुळं झोप येत नाही अशी तक्रार करू लागली, आणि त्या तक्रारीत थोडा थाट होता.

काकू तेवढ्या काठावर गेल्या नाहीत. अण्णांची आई. आमच्या घरात सून म्हणून आल्यापासून बोरीखालच्या पांडवांना चुना त्यांनीच लावलेला, दर वर्षी स्वतःच्या बोटांनी. ब्रश दिला तर म्हणायच्या, "देवाला काय भिंत समजलास व्हय?"

त्या वर्षी येळवस आली तेव्हा बोरीचा निम्मा बुंधा पाण्यात होता. अण्णांनी ओढ्यातून पाच गोल दगड निवडून आणले, पलीकडच्या तुकड्यात मांडले, ट्रॅक्टरनं लांबच्या वळशानं सगळ्यांना न्यायचं ठरवलं. काकूंनी पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला, मडक्याला फडकं बांधून दिलं आणि स्वतः उंबऱ्यातच थांबल्या.

"चल की आई," अण्णा म्हणाले. "नवे दगड आणल्यात."

"दगड घावत्यात रे," काकू म्हणाल्या. "पांडव कुठनं आनशील? त्येंला पान्यात ठिवून आपुन वर बसून जेवायचं, माझ्या घशाखाली उतरंल व्हय?"

एवढं स्पष्ट मराठी. पाचवीच्या पोरालाही कळावं. पण घरातल्या शिकल्या-सवरल्यांनी, म्हणजे मी, त्याचा अर्थ लावला : काकूंचे गुडघे दुखतात, ट्रॅक्टरचे धक्के सोसत नाहीत, म्हणून आपलं काहीतरी सांगतात. मी हा अर्थ इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितला की अण्णांनाही पटला. आम्ही गेलो, जेवलो, आलो. काकू घरात एकट्याच होत्या. ताट वाढलेलं तसंच झाकून ठेवलेलं.

दुसऱ्या वर्षीही तळं भरलेलंच होतं. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो आणि अंगणात उभा राहून जाहीर केलं, "अण्णा, यंदा काकूंना आपण पाण्यावरून नेऊ. धक्का नाही, धूळ नाही. खुर्चीवर बसवून."

"कशावरून?"

"मी बघतो," म्हणालो. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे या दोन शब्दांपासून सुरू झालेत.

ड्रम आणायला तामलवाडीला गेलो. तिथं हायवेला भंगाराच्या दुकानात निळ्या ड्रमांची उतरंड लागलेली असते. मालक चाचा ऊन खात बसले होते. काय पाहिजे, कशाला पाहिजे सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "मास्तरसाब, धाराशिव में समंदर कब आया?"

"तळं भरलंय चाचा. मोठा करावा का छोटा, तेच कळत नाही."

"छोटा नक्को. छोटे पे आदमी डरता, बड़े पे सोता. दस लेव."

हे मला फार खोल तत्त्वज्ञान वाटलं. ज्याला ड्रम विकायचेत तो चार घ्या कशाला म्हणेल, हा विचार मला ढोकीजवळ सुचला, तोवर दहाच्या दहा ड्रम टेम्पोत दोरीनं आवळले होते. कारखान्याच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. त्यात आमचा निळा टेम्पो अडकला. शेजारचा ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "मळी भरायला चाललाव का?" मी म्हणालो, "नाही, पाण्यावरून जायला." त्यानं गाण्याचा आवाज कमी केला, माझ्याकडं नीट बघितलं, आणि पुन्हा वाढवला.

घरी ड्रम उतरवले तर अंगणाला बाजाराचा वास सुटला. एकात शाम्पू होता, एकात कसलंतरी गोड सरबत. एका ड्रमाचं झाकण काढून काकूंनी नाक आत घातलं. "कैरीचं लोनचं व्हतं. मीठ कमी पडल्यालं." त्या सबंध उद्योगात काकूंनी दाखवलेला उत्साह एवढाच. बाकी त्या बाजल्याकडं असं बघायच्या, जसं आपल्याला नको असलेल्या स्थळाकडं बघतात : नाव ठेवायचं नाही, जवळही जायचं नाही.

मग सुरू झाला वाद. गावात कुणीच कधी होडी बघितलेली नव्हती, त्यामुळं प्रत्येकाला मत होतं. जे ठाऊक असतं त्यावर माणूस थोडं तरी जपून बोलतो. पारावर दोन पक्ष पडले. मोठ्यावाले म्हणत, ट्रॉली घेताना कुणी लहान घेतं का? लहानवाले म्हणत, बैल दाराशी बांधायचा तर दारातून आत आला पाहिजे. अण्णा लहान पक्षाचे. "रोज जानार कोण? एक मी अन् एक युरियाचं पोतं. आम्हाला चार ड्रम बास झाले."

"आणि काकू?"

"आई बसंल की पोत्याच्या जागी."

मी शास्त्राचा आधार घ्यायचं ठरवलं. धाराशिवला घरी येऊन गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची दोन बाजली सोडली, एक चार बाटल्यांचं, एक दहांचं. वर वाट्या ठेवल्या, वाट्यांत तांदूळ. चार बाटल्यांचं बाजलं, वाटी जरा कडेला सरकली की तांदूळ टाकीत ओतून मोकळं. दहांचं ढिम्म हललं नाही. बायको वर आली, टाकीत वाकून बघितलं. "अहो, प्यायचं पाणी आहे ते. आणि तांदूळ तरी साधा घ्यायचा. आंबेमोहोर बुडवताय." त्या आठवड्यात आम्ही पाणी पाटीलवाड्यातून आणलं. पण माझा सिद्धांत पक्का झाला : मोठं ते स्थिर.

तरी अण्णांनी आधी चार ड्रमांचं बांधलंच. "एकदा बसून तर बघ." मी बसलो. ते बाजलं कुठं गेलं नाही, जागेवर फिरलं. मला आधी गाव दिसलं, मग तळं, मग पुन्हा गाव. काठावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला पृथ्वीचं परिवलन असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. मी चौथ्या फेरीत ओरडून सांगितलं, "मोठं!" अण्णांनी दोऱ्या सोडल्या आणि दहांचं बांधायला घेतलं. आता विचार करतो तर वाटतं, माझा निकाल स्थैर्यासाठी नव्हता. पदर लावलेल्या बायकांसाठी होता. आमच्याकडं माणूस मोठं घेतो ते गरजेपोटी थोडं आणि लोक बघतायत म्हणून जास्त.

मोठं बाजलं देखणं झालं होतं. मधोमध प्लास्टिकची खुर्ची दोरीनं बांधलेली, काकूंसाठी. पाण्यात सोडायच्या दिवशी अण्णांनी नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं, आणि थबकले. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. याला चाक कुठंय? बऱ्याच खलानंतर लिंबं ड्रमांखाली ठेवली. दहा जणांनी जोर लावला, बाजलं घसरलं, आणि एकही लिंबू न फुटता सगळी बाजल्यामागं तरंगत आली. हा शकुन समजावा की अपशकुन, याचाही निकाल कुणाला देता आला नाही.

येळवशीच्या आधी आम्ही ते बरेचदा चालवून बघितलं. लांब बांबू तळाला रेटायचा, बाजलं पुढं सरकतं. उन्हं चढायच्या आधी तळ्यावर धूर असायचा, त्यात बोरीची काळी फांदी, फांदीवर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा. त्याच्या बाजूनं आम्ही जायचो. खाली काय असेल हे मी वाकून बघत बसायचो. इथं विहीर, म्हणजे इथं खोल. इथं खळं, म्हणजे इथं उथळ. बुडालेलं शेत तोंडपाठ असलं की पाणी आरपार दिसतं असा मला भास व्हायचा. अण्णा म्हणायचे, "खाली बघू नको, बांबू बघ." बांधावरून बाजलं दर वेळी सुखरूप जायचं. का जाऊ नये? वर आम्ही दोघं आणि एक पोतं.

आणि मग मी बोलावणी केली. मुख्याध्यापकांना बोलावलं, त्यांच्या घरच्यांसकट. स्टाफरूममध्ये बोलावलं, म्हणजे सगळ्यांनाच बोलावलं. "पाण्यावरून नेतो, सर. खुर्ची बांधलीय." खुर्ची कुणासाठी ते सांगायचं राहिलं. अण्णांनी पाहुण्यांना बोलावलं. पाहुण्यांनी पाहुण्यांना. लहान बाजलं असतं तर लोक म्हणाले असते, आम्ही ट्रॅक्टरनं येतो. मोठं आहे म्हटल्यावर जो तो म्हणाला, मग काय, बसू की. आणि त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. त्या सकाळी काठावर उभं राहून मला उमगलं की टाकीतल्या प्रयोगात मी ड्रम मोजले, तांदूळ मोजला, पण येळवस त्यात घातलीच नव्हती.

काकू मात्र आल्या. का आल्या कोण जाणे. सकाळी अण्णा म्हणाले, "बोरीवरून जातंय गं बाजलं." काकूंनी चुन्याची वाटी पदराखाली घेतली. खुर्चीजवळ आल्या तर तीवर मुख्याध्यापक. ते उठू लागले, तशा काकू म्हणाल्या, "बसा सर, पावनं हाव तुमी," आणि खाली फळीवर मांडी घालून बसल्या. मडकी, पातेली, लुगड्यांचे घोळ, पोरं. बाजलं इतकं खाली गेलं की फळ्यांच्या फटीतून पाणी वर येऊन मुख्याध्यापकांचे मोजे चाखू लागलं.

"मास्तर," अण्णा हळूच म्हणाले, "दोन खेपा करू."

"नको," मी म्हणालो. "बघतायत सगळे."

बांबू माझ्या हातात होता. निघालो. पोरं ओलगे ओलगे ओरडत होती. बोरीपाशी आलो आणि खालून घर्र असा आवाज झाला. बाजलं थांबलं. भोवती पाणीच पाणी, दोन्ही काठ लांब, बायकांनी पोरं पोटाशी धरलेली. मुख्याध्यापकांनी विचारलं, "हे असंच असतं का?" मी म्हणालो, "असंच असतं," आणि अंगातलं सगळं बळ लावून बांबू रेटला. बांबू गाळात रुतला. बाजलं हललं नाही, पण मी हललो. बाजलं धरू की बांबू, हा निकाल लागायच्या आत पाण्यात गेलो.

"वाचवा!" मी ओरडलो. छातीपर्यंत पाणी होतं. हात मारले, पाय मारले, नाकात पाणी गेलं. वर सगळे उभे राहिले, बाजलं एका अंगाला कललं, कुणीतरी कुणाचंतरी नाव घेऊन रडायला लागलं. त्या गलक्यात काकूंचा आवाज आला, अगदी घरातल्या घरात बोलावं तसा :

"ऊठ. आपल्याच बांधावर बसलायस."

मी उठलो. पाणी गुडघाभर होतं.

आधी कुणी हसलं नाही, मोठेपणा म्हणून. मग पोरं हसली, मग मुख्याध्यापक, मग सगळं तळं. मी आमच्या बांधावर भिजल्या कोंबड्यासारखा उभा. माझ्या शेजारी बोरीची फांदी, आणि पाणकावळा उडून गेलेला. काकू तेवढ्या हसत नव्हत्या. त्या फांदीकडं बघत होत्या, फांदीखालच्या पाण्याकडं.

"थोरल्या," त्यांनी अण्णांना हाक मारली, "उतर खाली. बुंध्यापाशी हात घाल."

अण्णा धोतर खोचून उतरले. खांद्यापर्यंत हात पाण्यात, तोंड वर, डोळे मिटलेले. "घावला," म्हणाले. गाळानं गुळगुळीत झालेला दगड थोडा वर आला, काकूंनी वाकून त्याला बोट लावलं, चुन्याचं पांढरं पाण्यात विरून गेलं. मग दुसरा. मग तिसरा, चौथा. पाचवा सापडेना. अण्णांनी सगळा बुंधा चाचपला, मीही उतरलेलोच होतो, मीही चाचपला. माझ्या हाताला एक चप्पल लागली.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "धाकटा सहदेव आसंल. गेला आसंल कुठंतरी मासं धरायला."

पूजा तिथंच झाली. हळद-कुंकू पाण्यावर पसरलं, सावकाश फिरत राहिलं. काकूंनी आंबील ओतली, तिचा पांढरा ढग बोरीखाली उतरत गेला, आणि त्यात बारीक मासे वळवळू लागले. "ओलगे ओलगे" म्हणताना काकूंचा आवाज पाण्यावरून पार पलीकडं जाऊन परत आला. मग जेवणं. अडकलेल्या बाजल्यावर, पाय पाण्यात सोडून, द्रोणात भज्जी. एका बाईंनी विचारलं, खाऊन संपलं की वजन कमी होऊन बाजलं सुटेल का? मी सांगितलं, पातेल्यातलं पोटात गेलं, बाजल्यावरून कुठं गेलं? त्या सबंध दिवसात माझं शास्त्र बरोबर आलं ते एवढंच.

शेवटी गड्यांनी बांधावर उतरून बाजलं उचलल्यासारखं केलं, तेव्हा ते सुटलं. अण्णा म्हणाले, "चला पलीकडं." काकू म्हणाल्या, "तुमी जावा. मला घराकडं सोडा." आम्ही समजलो, दमल्या. आधी त्यांना काठाला सोडलं, मग पलीकडं गेलो, खोपीत बसलो, संध्याकाळी आलो. काकू अंगणात बाजेवर होत्या. खऱ्या बाजेवर. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

पुढं तळं आटलं. जसं आलं तसंच गेलं, बाभळीपर्यंत, मग खांबापर्यंत, मग भिंतीपाशी एक डबकं. वाट जिथं बुडाली होती तिथूनच वर निघाली. बाजलं अंगणात आलं. त्यावर शेवया वाळल्या, मिरच्या वाळल्या, दुपारी अण्णा त्यावर झोपले. "चाचाचं खरं हाय," ते म्हणायचे, "बड़े पे आदमी सोता." कोरड्या वर्षांत काकू पायी बोरीपर्यंत जायच्या. चार दगडांना चुना. पाचव्याची जागा झाडून मोकळी ठेवलेली. अण्णांनी एकदा तिथं दुसरा दगड ठेवला, तर काकूंनी उचलून बांधाला लावला. "त्यो आल्यावर बसंल कुठं?"

आणि आता यंदा पाणी परत बोरीला लागलंय.

रविवारी गेलो. अंगणात ड्रमांची रास. ऊन खाऊन काहींना चिरा गेलेल्या, सहाच धड निघाले. अण्णांनी हिशेब मांडला. आणखी चार आणले तर मोठं होतं. नाहीतर आहेत त्यातलं लहान. अण्णांचे केस पांढरे झालेत आणि ते आता मोठ्या पक्षात गेलेत. "आईचं वय झालं. लहान्यावर डुगडुगंल. मोठं बांधू, खुर्ची बांधू, पन पावनं बोलवायचं न्हाईत."

"बोलवायचं नाही म्हणजे कसं?" मी म्हणालो. "मोठं बाजलं दिसलं की लोक येणारच. लहानच बरं. काकूंना पलीकडं नेऊन खोपीत नीट बसवू, मग..."

काकू ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पलीकडं कुनाला जायचंय?"

अण्णा एका ड्रमावर टेकले.

"तवाबी मला पलीकडं जायचं न्हवतं. तुमी इचारलं का कधी? मोठं का लहान, मोठं का लहान. मला बोरीपस्तोर जायचंय. मधापस्तोर. पूजा करायची, यायचं. त्याला किती ड्रम लागत्यात त्येवढं बांधा."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी ड्रमांकडं. इतकी वर्षं आम्ही भांडत होतो ते बाजलं केवढं यावर, आणि कुठवर हा प्रश्न कुणाच्या मनातच आला नव्हता. पाण्याला दोन काठ असतात आणि जायचं ते एकीकडून दुसरीकडं, हे मी शाळेत शिकवतो. मधेच कुणाचं काही असू शकतं, हे कुठल्या नकाशात दाखवायचं?

"मग लहान," अण्णा म्हणाले आणि चार ड्रम बाजूला काढू लागले.

मला मात्र एक शंका आली. माझ्या शंका अशा वेळी येतातच. "काकू," म्हणालो, "त्या वर्षी आपण बोरीपाशी थांबलो कारण बाजलं भरलेलं होतं. खाली टेकलं. लहान बाजल्यावर तुम्ही, मी आणि आंबिलीचं मडकं. ते बांधावरून तरंगत पुढं निघून जाईल. मधे थांबायचं कसं?"

काकूंनी एक घाटा सोलला, दाणे माझ्या हातावर ठेवले.

"बांबू तुझ्याच हातात आसनार न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग अडकंल की आपसूक."